विचारा की: ट्रॅक्टर चालवायला येतंय, आता पुढं काय?

मागच्या अंकात या पानावर मी एवढंच लिहिलं होतं की आमच्या बेळगाव भागात प्रत्येक गावात ट्रॅक्टर झाले, माती भुसभुशीत करणारे रोटाव्हेटर म्हणजे रोटर झाले, उसाच्या फडात तोडणीची मशीनं फिरायला लागली, पण ती बंद पडली की हात लावणारा माणूस दोन गावं सोडून आणायला लागतोय आणि आपली पोरं मात्र पुण्याला कंपनीत कंत्राटी कामाला जायलेत. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं पान सगळं त्यालाच दिलंय. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलंय म्हणून तालुका तेवढा लिहितोय. मी स्वतः आयुष्यभर ट्रॅक्टरच्या कामात होतो, पुढं काही वर्षं पोरांना शिकवलं पण, त्यामुळं जे हाताखालून गेलंय तेच सांगतो.

सर, मी खानापूर तालुक्यातला. दहावी पास झालो ५४ टक्क्यांनी. दीड वर्ष झालं ट्रॅक्टरच्या गॅरेजात हेल्पर म्हणून काम करायलोय. क्लच प्लेट घालायला येते, ऑइल सर्व्हिस येते, नांगर रोटर जोडायला येतोय. बाबा म्हणायलेत आयटीआय कर, आणि उस्ताद म्हणतात आयटीआयवाल्या पोरांना पाना धरायला येत नाही, दोन वर्षं वाया घालवू नको. काय करू सांगा की.

बाळा, तुझा उस्ताद अर्धा खरा बोलतोय, कारण नुसतं वर्गात बसून आलेल्या पोराला हात बसलेला नसतो हे मी पण बघितलंय. पण उरलेलं अर्धं ऐक.

माझ्या गॅरेजात एक रोटाव्हेटर एका हंगामात तीनदा आला. तिन्ही वेळेला साइडचं बेअरिंग गेलेलं. दोनदा माझ्या हाताखालच्या पोरानं नवं बेअरिंग घातलं, बिल केलं, पाठवून दिलं. तिसऱ्यांदा मी स्वतः खोलून बघितलं तर शाफ्टवर ऑइल सीलच्या, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी रिंगच्या जागी उसाचं पाचट आणि प्लास्टिकचा दोरा गुंडाळून बसलेला, त्यानं सीलची ओठी कापलेली, तिथून ऑइल बाहेर आणि चिखल आत, मग बेअरिंग टिकणार कसं? बेअरिंग बदलायला त्या पोराला येत होतं, ते का जातंय हे बघायला येत नव्हतं. आणि शेतकऱ्याचे तीन वेळचे पैसे गेले, ऐन सरी सोडायच्या दिवसात मशीन उभं राहिलं ते वेगळंच. त्या दिवसापासून मी पोरांना आधी 'का' शिकवायला लागलो. धूर काळा यायलाय म्हणजे हवा कमी पडतीय नाहीतर डिझेल जास्त पडतंय, निळसर आला तर ऑइल जळायलंय, आणि इंजिन तापल्यावर पण पांढरा येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जायलंय. हे उस्तादाला अनुभवानं माहीत असतं, पण तो तुला बसवून सांगत नाही, त्याला वेळच नसतो. तेवढ्यासाठी शाळा लागते.

आता ट्रेड, म्हणजे आयटीआयचा कोर्स कुठला. तीन आहेत तुझ्या कामाचे. मेकॅनिक ट्रॅक्टर एक वर्षाचा, दहावी पासवर मिळतो. मेकॅनिक डिझेल पण एक वर्षाचा, तो इंजिनापुरता पक्का आहे, ट्रक, जनरेटर सगळीकडं चालतो. आणि मेकॅनिक ॲग्रिकल्चरल मशिनरी हा दोन वर्षांचा, त्याला दहावीला गणित आणि विज्ञान पाहिजे, त्यात ट्रॅक्टरबरोबर पेरणी यंत्र, मळणी मशीन, फवारणीचे पंप, कापणीची मशीनं असं सगळं येतं. तुझा हात आधीच बसलाय म्हणून मी तुला दोन वर्षांचाच घे म्हणेन, जर जवळपास सीट मिळाली तर. पुढं शिकावं वाटलं तर दोन वर्षांची आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात जायची वाट असते, एक वर्षाच्या ट्रेडला ती मिळायची नाही. आणि घरची अडचण असेल, लवकर हातात पैसा पाहिजे असेल, तर मेकॅनिक ट्रॅक्टर घे, त्यात पण काही कमीपणा नाही.

प्रवेश घ्यायच्या आधी एक काम कर. आयटीआयच्या ऑफिसात न जाता सरळ वर्कशॉपच्या दारात जाऊन उभा राहा. आत चालू ट्रॅक्टर आहे का नुसतं कापून ठेवलेलं इंजिन आहे? पोरांच्या हाताला ग्रीस लागलंय का? त्या ट्रेडचा शिकवणारा माणूस आहे का दुसऱ्याच ट्रेडचा मास्तर वेळ मारून नेतोय? आणि सर्टिफिकेट राष्ट्रीय मिळणार का, ट्रेडला मान्यता आहे का, हे लेखी विचार. फी घेऊन 'सहा महिन्यांत ट्रॅक्टर इंजिनियर' करून देणारे बोर्ड रस्त्यावर दिसतात, त्यांच्या कागदाला पुढं कोण विचारत नाही आणि गरिबाच्या पोराचे पैसे जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

आयटीआय झाली की थांबू नको, ॲप्रेंटिसशिप कर. १९६१ चा कायदाच आहे त्याचा, त्यात कंपनीला किंवा वर्कशॉपला तुला दरमहा स्टायपेंड द्यावा लागतो, आणि शेवटी परीक्षा पास झालास की राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं. ट्रॅक्टरच्या मोठ्या डीलरकडं केलीस तर कंपनीचं ट्रेनिंग पण पदरात पडतं. आणि हे आता गरजेचं झालंय, कारण १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे नियम कडक झाले, ट्रेम स्टेज चार म्हणतात त्याला. त्यासाठी बऱ्याच कंपन्यांनी कॉमन रेल पंप, सेन्सर आणि डिझेल किती सोडायचं ते ठरवणारा छोटा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू घातलंय. तिथं कान लावून डिझेल फवारणाऱ्या नोझलचा आवाज ऐकून काम होत नाही, लॅपटॉप जोडून कोड वाचायला लागतोय. तुझ्या उस्तादाला सांग, मी शिकून परत येतो आणि तुमच्याच गॅरेजात स्कॅनर आणतो. बघ तो काय म्हणतोय, मला वाटतंय खूश होईल.

नमस्कार. मी निपाणीकडची. मुलगा मराठी शाळेत शिकला, यंदा दहावी झाला. त्याला गाड्यांचं वेड आहे. पण इकडं आयटीआयला कन्नड आणि इंग्लिश, त्याला कन्नड लिहायला नीट येत नाही. कागल, कोल्हापूरला घालावं का? तिकडं घेतात का आमच्या मुलांना? त्याचे बाबा म्हणतात भाषेमुळं पोरगं मागं पडेल.

ताई, तुमची काळजी मी समजू शकतो, माझं पण शिक्षण मराठी शाळेतच झालं आणि पहिल्या वर्कशॉपात कन्नड फोरमन होता.

आधी तिकडचं सांगतो. महाराष्ट्र सरकार सीमाभागातली ८६५ गावं आपली मानतं आणि त्या गावातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी तिकडच्या व्यावसायिक, तांत्रिक शिक्षणाच्या प्रवेशात वेगळी तरतूद ठेवलीय. तुमचं गाव त्या यादीत आहे का बघा, असलं तर रहिवासाचा दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला ठरलेल्या नमुन्यात आधी काढून ठेवा, कारण प्रवेशाची तारीख जवळ आली की तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत फेऱ्या मारण्यात आठवडा जातोय आणि तोवर सीट गेलेली असते. निपाणीवरनं कागल काही लांब नाही, पोरगं रोज ये-जा करू शकतं.

पण मला दुसरं पण सांगू द्या. मुलगा शिकून धंदा कुठं करणार? निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी याच पट्ट्यात ना. तर त्याच्या गॅरेजात येणारं निम्मं गिऱ्हाईक कन्नड बोलणार. ते येऊन म्हणणार 'स्टार्ट आगवल्दु', म्हणजे चालू होईना, किंवा 'सप्पळ बरतैति', म्हणजे आवाज यायलाय. एवढं कळलं की पुढचं काम हातानंच करायचंय, क्लच प्लेटला कन्नडात पण क्लच प्लेटच म्हणतात. मराठी घरात राहू दे, वाचनात राहू दे, ती सोडायला मी कधीच सांगणार नाही, पण कन्नड हे आपल्याकडच्या मेकॅनिकचं एक हत्यारच आहे. ज्याला मराठी, कन्नड दोन्ही येतं आणि कंपनीचं मॅन्युअल वाचण्यापुरतं इंग्लिश येतं तो माणूस बेळगावात उपाशी राहत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

वाचायचं साहित्य पाहिजे असेल तर चेन्नईची निमी म्हणून केंद्र सरकारची संस्था आहे, आयटीआयची पुस्तकं तीच काढते, आणि भारत स्किल्स या सरकारी वेबसाइटवर पुस्तकं आणि सरावाचे प्रश्न फुकट बघायला मिळतात. मोबाइल रील बघायलाच आहे असं नाही, मुलाला हे दाखवा.

सर मी अथणी तालुक्यातली, बारावी सायन्स झाले. आमच्यात ऊसच ऊस. मला मशीनची आवड आहे, भावापेक्षा मीच ट्रॅक्टरची सर्व्हिस करते. घरात म्हणतात गॅरेज काय मुलीचं काम नाही. ड्रोनचं शिकू का?

बाळ, भावापेक्षा तू सर्व्हिस करतेस हे वाचून फार बरं वाटलं. आयटीआयच्या या तिन्ही ट्रेडला मुलींना कुठलीच आडकाठी नाही.

ड्रोनचं विचारलंस तर ते चांगलं आहे, पण पूर्ण समजून घे. शेतात फवारणी करणारा ड्रोन सहसा २ ते २५ किलोच्या गटात येतो, तो चालवायला डीजीसीएनं, म्हणजे विमानांचे नियम बघणाऱ्या सरकारी खात्यानं मान्यता दिलेल्या ट्रेनिंग संस्थेतून रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं, वय १८ पूर्ण आणि दहावी पास एवढी अट. तुझी आई किंवा काकी बचत गटात असतील तर नमो ड्रोन दीदी योजना बघा, २०२३ ला आली, १५,००० बचत गटांना ड्रोन द्यायचे असं तिचं उद्दिष्ट, किमतीच्या ८० टक्के म्हणजे जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत, आणि गटातल्या एकीला १५ दिवसांचं ट्रेनिंग. उंच वाढलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन माणूस शिरू शकत नाही, शिरला तर औषध त्याच्याच अंगावर पडतं, तिथं ड्रोनचा खरा उपयोग. पण फवारणीचे दिवस वर्षातनं थोडे, बाकी दिवस काय करणार? म्हणून त्याच्या जोडीला दुसरं काहीतरी हातात पाहिजे.

मी तुला एक वेगळी गोष्ट सुचवतो, कुणी सहसा सांगत नाही. डिझेल पंप आणि नोझलचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते मापात बसवून देणं. हे काम टेस्ट बेंचवर बसून, स्वच्छ खोलीत, अगदी बारीक मापानं करायचं असतं, केसाएवढी घाण गेली तरी नोझल खराब. इथं ताकद लागत नाही, नजर आणि सबूर लागते. तसंच हायड्रोलिकचं, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या भागांचं, ट्रॅक्टरची लिफ्ट असो की तोडणी मशीनचे पंप, व्हॉल्व्ह, ते खोलणाऱ्याचं टेबल स्वयंपाकघराइतकं स्वच्छ पाहिजे. मेकॅनिक डिझेल करून एखाद्या पंपाच्या वर्कशॉपात वर्षभर ॲप्रेंटिस राहिलीस तर घरचे पण काही बोलणार नाहीत आणि तुझ्याकडं पाच तालुक्यांतनं पंप येतील.

आणि एक, कृपा करून चालू पीटीओजवळ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं अवजार फिरवणाऱ्या दांड्याजवळ ओढणी, मोकळे केस घेऊन जाऊ नको. मिनिटाला ५४० फेरे फिरतो तो शाफ्ट, सेकंदाला नऊ. हात मागं घ्यावा असं डोक्यात यायच्या आत कपडा गुंडाळलेला असतो. आमच्या शेजारच्या गावात एक कर्ता पोरगा असाच गेला, गमजा अडकला. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून टाकलं होतं, ग्रीस मारायला अडचण होते म्हणून. मुलींनाच नाही, सगळ्यांनाच सांगतोय हे. मळणी मशीनसाठी तर १९८३ पासून धोकादायक यंत्रांचा कायदा आहे, त्यातनं मशीनला बसवलेलं गार्ड काढून काम करायचं नाही म्हणजे नाही.

ट्रॅक्टरला वेगळं लायसन लागतंय का? (हुक्केरी)

कार चालवायचं म्हणजे एलएमव्ही लायसन असलं की चालतं, कायद्यात ७५०० किलोच्या आतला ट्रॅक्टर हलक्या वाहनातच धरलाय. वय १८ पूर्ण पाहिजे. चौदा वर्षांच्या पोराला उसाच्या डबल ट्रॉलीवर बसवून कारखान्याला पाठवू नका, अपघात झाला तर विमा पण मिळणार नाही आणि पोरगं पण.

दादा, मी रायबाग तालुक्यातला, चार सीझन उसाच्या तोडणी मशीनवर ऑपरेटर होतो. मालकाचं मशीन, आमचा पगार. सीझन संपला की घरात बसतो. आता स्वतःचं काहीतरी करावं म्हणतोय, ट्रॅक्टर, रोटर, पाचटाची कुट्टी करणारा मल्चर घेऊन भाड्यानं फिरवावं का गॅरेज टाकावं? ट्रेनिंग वगैरे या वयात कोण देतंय, ३४ वय झालं.

दादा, ३४ काही वय नाही हो. आणि चार सीझन तोडणी मशीनवर काढलेला माणूस म्हणजे तुमच्याकडं काय आहे याची तुम्हालाच कल्पना नाही असं मला वाटायलंय. ते मशीन कोटीच्या घरातलं, गाळप चालू झालं की रात्रंदिवस चालतं, एक होज, म्हणजे तेलाची जाड नळी फुटली तर मालकाचा दिवस जातो आणि कारखान्याची गाडी रिकामी उभी राहते. बेस कटरची पाती कधी पलटायची, चॉपर का चोंदतोय, इलेव्हेटरची चेन किती ढिली ठेवायची हे तुम्ही चार वर्षं बघितलंय. आता उन्हाळ्यात, पट्टा पडल्यावर म्हणजे गाळप संपल्यावर, हीच सगळी मशीनं ओव्हरहॉलिंगला उभी असतात. तेव्हा तुम्ही घरात का बसता? माझं ऐकाल तर भाड्याची मशीनं घ्यायच्या आधी हायड्रोलिक शिका.

शिकायला जागा आहे. केंद्र सरकारच्या शेती यंत्रांच्या चार ट्रेनिंग आणि टेस्टिंग संस्था आहेत. सगळ्यात जुनी मध्य प्रदेशात बुधनीला, १९५५ ची, मग हरियाणात हिसार, १९६३, मग आंध्रात अनंतपूर जिल्ह्यात गार्लदिन्ने, १९८३, आणि आसामात विश्वनाथ चारिआली, १९९०. आपल्याला जवळची गार्लदिन्ने, हुबळी-बळ्ळारीवरनं जायचं. तिथं शेतकऱ्यांसाठी, मेकॅनिकसाठी वेगवेगळे कोर्स असतात, थोड्या दिवसांचे पण असतात, हॉस्टेल आहे, आणि शिकवताना मशीन खोलून दाखवतात. वर्षाचं वेळापत्रक आधी मागवून घ्या, म्हणजे सीझन संपल्यावरची बॅच धरता येईल. जिल्ह्यात विचारायचं तर कृषी विज्ञान केंद्र दोन आहेत, एक बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पला आणि दुसरं गोकाककडं तुक्कानट्टीला, तुम्हाला तुक्कानट्टी बरं पडेल. आणि बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार संस्था, आरसेटी म्हणतात, ही कल्पना आपल्याच कर्नाटकात उजिरेला १९८२ ला सुरू झाली, तिथं राहणं जेवण फुकट आणि ट्रेनिंगनंतर कर्जाला मदत पण करतात.

भाड्यानं मशीन फिरवायचं म्हणाल तर योजना आहेत. यांत्रिकीकरणाच्या केंद्राच्या योजनेत भाडे केंद्राला ४० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. पीएमईजीपी म्हणजे स्वतःचा धंदा काढायला कर्ज आणि सबसिडी देणारी केंद्राची योजना, त्यात सेवा धंद्याला २० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट करता येतो, खेड्यात जनरल गटाला २५ टक्के आणि महिला, एससी, एसटी, ओबीसी वगैरेंना ३५ टक्के सबसिडी. पण अनुदान आहे म्हणून मशीन घ्यायचं ही चूक मी पन्नास ठिकाणी बघितलीय. आधी वहीत लिहा, तुमच्या गावात आणि शेजारच्या चार गावांत किती एकर खोडवा (तोडलेल्या बुडख्यातनं परत फुटलेला ऊस) आहे, त्यातले किती जण पाचट जाळतात आणि किती जण कुट्टी करून घेतात, आत्ता किती मल्चर फिरायलेत, वर्षातनं किती दिवस काम मिळेल. डिझेल, ड्रायव्हर, ब्लेड आणि बँकेचा हप्ता काढून काय उरतंय ते बघा. माझा अंदाज विचाराल तर रोटर प्रत्येकाच्या दारात झालाय, त्यात आता राम नाही. पण होज क्रिंपिंगचं मशीन, म्हणजे फुटलेला हायड्रोलिक होज मापात कापून नवा बनवून देणारं, ते आणि एक पिकअप घेऊन जो माणूस रात्री दोनला फडात हजर होईल त्याला सीझनमध्ये झोपायला वेळ मिळणार नाही. आज त्या होजसाठी माणूस गाडी घेऊन बेळगावला नाहीतर कोल्हापूरला पळतोय.

पहिल्या वर्षी जागा भाड्यानंच घ्या, शेड बांधू नका.

काका, आम्ही लोहार. बेळगाव तालुक्यात आजोबांपासून भाता आहे. कुरीचे फण, कुळवाच्या पासा, विळे, खुरपी करायचो. आता कोण येईना. मुलाला यात घालू का नको?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, १८६९ चा जन्म. त्यांनी बेळगावात आधी सायकलचं दुकान काढलं, मग लोखंडी नांगर केला, आणि तो नांगर दोन वर्षं कुणी घेतला नाही कारण लोखंडानं जमिनीला विष होतं असं शेतकऱ्यांना वाटायचं. १९१० ला किर्लोस्करवाडी झाली ती त्यानंतर. म्हणजे आपल्या भागात शेतीचं अवजार बनवायचं ही गोष्ट नवी नाही, आणि तुमच्या घरात तर ती त्याच्याही आधीपासून असेल.

भाता विकू नका. मुलाला आयटीआयला वेल्डर ट्रेड घाला, एक वर्षाचा आहे. लोखंडाला पाणी किती द्यायचं, म्हणजे तापवून बुडवून किती कडक करायचं हे त्यानं तुमच्याकडनं शिकायचं आणि वेल्डिंग तिकडं, कारण रोटरची पाती, पलटी नांगराचे फाळ, सरी रेजरची टोकं सगळी झिजतात, त्यांच्यावर हार्डफेसिंग, म्हणजे कडक धातूचा थर वेल्डिंग करून देणारा नीट माणूस फार थोड्या गावात आहे. तुमच्यासाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे, लोहार त्यातल्या १८ कामांत आहेत. ट्रेनिंगला दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, ते फेडलं की पुढं २ लाख कर्ज. अट अशी की एका घरातनं एकालाच मिळतं, तेव्हा नाव तुमचं घालायचं का मुलाचं हे आधी घरात बसून ठरवा, मुलाला १८ पूर्ण नसतील तर तुमचंच घाला. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन जवळच्या सीएससी सेंटरला, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या केंद्राला जा, मग पंचायतीत पडताळणी होईल. पंचायतीत कुणी अडवलं तर मला परत लिहा, मी तुमच्याबरोबर येतो.